शक्तिमान ट्रक चढावर पुन्हा पुन्हा बंद पडतो: डिझेल लाइनमधली हवा शोधायची कशी

आधी लक्षणं. गाडी सपाट रस्त्याला व्यवस्थित पळते. चढ लागतो, गिअर खाली येतो आणि इंजिन आचके द्यायला लागतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ताकद येत नाही, रेस आपोआप वरखाली होते आणि गाडी बंद. बाजूला घेऊन हॅण्ड प्रायमर (लाइनमध्ये डिझेल ओढायचा हातपंप) मारला, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फेसाळ डिझेल वाहू दिलं, की पहिल्या सेल्फला चालू. उरलेला घाटही चढते. मेकॅनिककडे न्यावी तर त्याच्या दारात काहीच कुरकुर नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रकार. सोबत बहुधा आणखी एक खूण असते: रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू व्हायला फार वेळ घेते आणि चालू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर टाकते.

हे जुळत असेल तर गाडी हवा धरते आहे. काळा धूर, पाणी उकळणं, ऑइलचं प्रेशर पडणं असं काही असेल तर दुखणं वेगळं आहे, त्याला पुढचं काहीही लागू नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण इथे लोकांचे खूप पैसे वाया जातात. डिझेल पंप उतरवू नका. इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही उतरवू नका. हवा काढली की गाडी चालू होते, याचाच अर्थ पंप आणि नोझल आपलं काम करताहेत. हवा शिरायची वाट मात्र तशीच उघडी राहते, आणि ती वाट जवळजवळ नेहमी टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या टप्प्यात असते. म्हणजे पंपाच्या आधी. ती सापडेपर्यंत हजार वेळा हवा काढा, काही उपयोग नाही.

आमचा मंडपाचा धंदा आहे, यार्ड इंदूरजवळच्या राऊच्या अलीकडे. बांबू, बल्ल्या, लोखंडी पाइप वाहायला लष्कराच्या लिलावातून आलेली शक्तिमान वापरतो. बडवाह, ओंकारेश्वरकडचं काम असलं की सिमरोलवरून भेरूघाट उतरून जायचं आणि सामान भरून तोच घाट चढून यायचं. आमच्या गाडीचा हा त्रास कायम येताना व्हायचा, जाताना नाही. ड्रायव्हरचं ठरलेलं होतं, "पंप गया, भैया." एका पंपवाल्यानेही गाडी न बघता फोनवरच कॅलिब्रेशनचा खर्च सांगितला. महूला राहणारे एक निवृत्त ईएमईवाले (लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेतले) काका आहेत, त्यांनी अशा गाड्यांवर उभी नोकरी काढली. त्यांना विचारलं, "काका, पंपच असेल ना?" ते म्हणाले, "ते नंतर. बंद पडली तेव्हा टाकीत डिझेल किती होतं, ते सांग आधी."

या प्रश्नात अर्धं निदान आहे. त्याकडे पुढे येतोच.

गाडीबद्दल थोडं, कारण तिचं वय समजल्याशिवाय दुखणं समजत नाही. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ साली शक्तिमान बनायला लागली. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. उत्पादन १९९६ पर्यंत चाललं, नंतर अशोक लेलँडच्या स्टॅलियन आणि टाटाच्या गाड्यांनी तिची जागा घेतली. म्हणजे आज तुमच्या दारात उभी असलेली शक्तिमान कितीही चांगली राखलेली असली तरी तिशीच्या आसपास किंवा त्याहून म्हातारी आहे. चॅसिस, अ‍ॅक्सल, इंजिनाचा ब्लॉक यांना वयाने फारसा फरक पडत नाही, ते लोखंड वेगळंच आहे. फरक पडतो तो रबराच्या नळ्यांना, वायसरांना आणि पातळ पाइपांना. त्यातून लिलावात सुटल्यानंतर ती किती हातांतून गेली असेल सांगता येत नाही. कुणी टाकी बदललेली असते, कुणी मूळ पाइप कापून मध्ये रबराचा तुकडा जोडलेला असतो, कुणी तांब्याच्या वायसराच्या जागी हाताशी आला तो अ‍ॅल्युमिनियमचा घातलेला असतो. म्हणून कुठल्याही जुन्या पुस्तकातल्या आकृतीवर भरवसा ठेवण्याआधी गाडीखाली झोपून टाकीपासून फिल्टरपर्यंतची लाइन बोटाने एकदा माग काढत जा. प्रत्येक सांधा कागदावर उतरवा. तुमच्या गाडीची खरी आकृती तीच.

आता हवा शिरते कशी ते. टाकी खाली, इंजिन वर. फीड पंप, म्हणजे डिझेल पंपाच्या कुशीला बसवलेला छोटा पिस्टनचा पंप, टाकीतून डिझेल ओढून घेतो आणि फिल्टरमार्गे मोठ्या पंपाला, म्हणजे डिझेल पंपाला देतो. फीड पंपाच्या पुढे लाइनमध्ये दाब असतो, तिथे सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि डोळ्याला दिसतं. फीड पंपाच्या मागे मात्र ओढ असते. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. उसाच्या रसाच्या ग्लासातली नळी वरच्या बाजूला चिरली असेल तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते आणि नळीवर थेंबही दिसत नाही, तसंच हे. म्हणूनच अनुभवी माणसंही फसतात. सगळी लाइन कोरडी ठणठणीत दिसते आणि ते म्हणतात, गळती कुठेच नाही.

हवा मोठ्या पंपात गेली की काय होतं तेही बघा. नोझल उघडायला दीडशे-दोनशे बारच्या घरातला दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही, त्यामुळे पंपातला प्लंजर (दट्ट्या) वर गेला की तो दाब लगेच तयार होतो. हवा मात्र दाबली जाते. प्लंजर वर जातो, हवेचा बुडबुडा आकसतो, प्लंजर खाली येतो, बुडबुडा फुगतो. नोझल उघडतच नाही. एका सिलिंडरला असं झालं की आचका, सगळ्यांना झालं की बंद.

मग चढावरच का? तीन कारणं एकत्र येतात. लोड असताना इंजिन डिझेल जास्त मागतं, म्हणून ओढ वाढते आणि सपाटीवर जे बारीक भोक चालून जातं ते इथे चालत नाही. गाडी तिरपी होते आणि टाकीतलं डिझेल मागच्या बाजूला सरकतं. आणि घाट बहुतेकदा परतीला लागतो, तेव्हा टाकी निम्मी झालेली असते, म्हणजे डिझेल आणखी खालून उचलायचं असतं.

एक समज इथेच दूर करतो. मे महिन्यात हा त्रास वाढतो म्हणून पुष्कळ जण म्हणतात, उन्हाने लाइनमध्ये डिझेलची वाफ होते. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना ते होत असे. डिझेल उकळायला दीडशे अंशांच्या वर जावं लागतं, माळव्याच्या उन्हाने किंवा बॉनेटखालच्या गरमीने लाइनमधलं डिझेल उकळत नाही. उन्हाने होतं ते असं की जुनी रबरी नळी मऊ पडते आणि क्लिपची पकड सैल होते. पाइपवर ओलं फडकं गुंडाळून गाडी चालू झाली असेल तर त्या थांबण्यात हवा वर निघून गेली असेल. फडक्याने काही बरं झालेलं नाही.

तपासणीला सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा, कारण तिला पाना लागत नाही. झाकणाला हवा आत घ्यायचं बारीक छिद्र असतं. ते धुळीने, रंगाने बुजलं की डिझेल कमी होत जाईल तशी टाकीत ओढ तयार होते आणि अर्ध्या तासाने इंजिन उपाशी मरतं. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. आत हवा जाताना सुसकारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी सुरळीत चालली, तर झालं तुमचं काम. छिद्र तारेने मोकळं करा. लिलावाच्या गाड्यांवर कुणी कुठलंही झाकण बसवतं, त्यात छिद्र नसतंच, तेही बघा.

त्यानंतर हॅण्ड प्रायमर. हा हाताला बरंच सांगतो, पण त्याचं ऐकायला शिकावं लागतं. मूठ फिरवून सोडवा आणि सावकाश वर-खाली करा. लाइन ठीक असेल आणि हवा निघालेली असेल तर पाच-सात दाबांत दांडा जड लागतो, खाली दाबताना डिझेल ढकलल्याचं जाणवतं. दांडा वर ओढताना अडतो आणि सोडला की आपोआप परत खाली खेचला जातो, तर टाकीकडची वाट बुजली आहे: जाळी तुंबली, पाइप दबला किंवा नळीचा आतला थर सुटून त्याचा पडदा झाला. आणि कितीही मारला तरी दांडा हलका, पोकळ, मऊ लागत असेल तर हवा. बुजणं आणि हवा धरणं, दोन्हींत गाडी सारखीच बंद पडते, पण उपाय उलटे आहेत. म्हणून हा हाताचा फरक आधी ओळखा.

प्रायमर स्वतःही गुन्हेगार असू शकतो. तो फीड पंपाच्या ओढीच्या बाजूला बसतो, त्यामुळे त्याची आतली रिंग झिजली किंवा काम झाल्यावर मूठ घट्ट बसवली नाही तर तिथून हवा जाते. रात्री मुठीच्या मुळाशी कोरडं फडकं बांधा. सकाळी डिझेलचा ओलावा दिसला तर नवा प्रायमर आणा. तो महाग नाही आणि दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. जुना सोबत न्या आणि आटे जुळवून घ्या. पंपावर लावलेली पट्टी वाचता येत असेल तर तीही लिहून न्या. अशा जातीचे फीड पंप आपल्याकडे कितीतरी ट्रक-ट्रॅक्टरांवर होते, त्यामुळे किट मिळायला अडचण येत नाही.

आता खरी परीक्षा. फीड पंपाला येणारी टाकीची नळी सोडवा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा, कॅन फीड पंपापेक्षा उंचावर आणि एक्झॉस्टच्या उलट अंगाला पक्का बांधा. कॅनमधून डिझेलला चालणारी नवी नळी फीड पंपाला जोडा. हवा काढा आणि गाडी चालवा. परतीची लाइन (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) टाकीतच राहू द्या, फक्त कॅन रिकामा होतोय का त्यावर लक्ष ठेवा, तो वाटतो त्यापेक्षा लवकर उतरतो. यासाठी भरली गाडी घेऊन घाटात जाऊ नका, यार्डाजवळचा छोटा चढ आणि मोकळा रस्ता पुरे. गाडीने एकदाही आचका दिला नाही आणि फीड पंपापाशी कुठे ठिबकलंही नाही तर फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल सगळे निर्दोष सुटले. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये आहे. याउलट कॅनवरही तीच रड असेल तर फीड पंपाकडे आणि त्याच्या पुढे बघायचं. कॅन उंचावर असल्याचा एक जास्तीचा फायदा असा की आता ओढीच्या जागी वजनाचा दाब आहे, त्यामुळे फीड पंपाच्या तोंडाशी किंवा प्रायमरपाशी फट असेल तर आता तिथून डिझेल ठिबकताना दिसतं.

माझ्या मते ही एक परीक्षा केल्याशिवाय कुणीही पंपवाल्याचं दार वाजवू नये. खर्च जवळजवळ शून्य आणि निकाल पक्का.

दोष टाकीच्या बाजूला निघाला की नळी पुन्हा जोडताना फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा घाला. बागेच्या पाण्याची नळीही चालेल, पण फक्त तपासणीपुरती. डिझेलने ती काही दिवसांत कडक होऊन चिरते. इंजिन चालू असताना तिच्याकडे बघा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. त्यानंतरही मोहरीएवढ्या दाण्यांची माळ सरकत राहिली तर हवा येतेच आहे. आता टाकीकडून एकेक सांधा हलवत, दाबत, क्लिपा किंचित आवळत या आणि मदतनीसाला नळीकडे बघत बसवा. माळ तुटली की तो सांधा सापडला.

काही फटी अशाने सापडत नाहीत. मग टाकीत किंचित दाब द्यायचा. झाकणाच्या जागी फडक्यात गुंडाळून नळी बसवा आणि तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हळू हवा भरा. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका. टाकी पातळ पत्र्याची असते, थोड्या दाबानेही तिची शिवण उसवते. दाब धरला की सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस लावा, दाढीचा फेस तर फारच उत्तम, तो जागेवर टिकतो. आत जाणारी हवा आता बाहेर येईल आणि फेसात डोळा पडेल. पाइप चॅसिसला ज्या क्लिपांनी धरलेला असतो त्या क्लिपा सोडवून खालचा भागही बघा. वर्षानुवर्षं घासून तिथेच केसाएवढी चीर पडते आणि क्लिपच तिला झाकून ठेवते.

सांध्यांवरच्या तांब्याच्या वायसरांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्ध्याहून जास्त गाड्या मला इथेच बऱ्या होताना दिसल्या आहेत. बंजो बोल्ट म्हणजे पाइपाचं गोल तोंड सांध्यावर धरणारा बोल्ट; त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक वायसर असतो. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, दुसऱ्यांदा आवळलं तरी पसरत नाही आणि बारीक फट भरत नाही. मग माणूस अजून जोर लावतो. बंजो बोल्ट आतून पोकळ असतो, तो तुटतो आणि अर्धा तुकडा आत राहतो. जोर लावायची गरजच नसते. नवा वायसर लावा, नाहीतर जुना मऊ करून घ्या: चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लालसर होईपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. वरची काळी खपली बारीक पॉलिश पेपरने काढा. पेपर काचेवर सपाट ठेवा आणि वायसर त्यावर गोल फिरवा, म्हणजे पातळी बिघडत नाही. बंजोच्या तोंडावर ओरखडा असेल तर तोही असाच काढा. बोटांनी वाकेल इतका वायसर मऊ झाला की समजायचं काम झालं. टेफलॉनची पांढरी टेप इथे लावू नका. फट वायसरावर असते, आट्यांवर नाही, आणि टेपचे धागे सुटून आत गेले की फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

रबरी नळ्या असतील तर त्या डिझेलसाठीच बनवलेल्या घ्या. इंदूरच्या लोहा मंडीत काय, सियागंजात काय, दुकानदार पाण्याची किंवा हवेची नळीही "चलेगी" म्हणून देतो. ती आतून फुगते, तिचे पापुद्रे सुटतात आणि एक पापुद्रा झडपेसारखा वाट बंद करतो. क्लिपाही अशा घ्या ज्या चारी बाजूंनी सारख्या आवळतात. तारेचे वेढे देऊन नळी बांधली की तार रबरात रुतते आणि त्याच खाचेतून हवा जाते.

आता काकांच्या प्रश्नाकडे. डिझेल किती होतं? आमच्या गाडीचा काटा चालत नव्हता, म्हणून टाकीत घालायची लाकडी पट्टी करून तिच्यावर खुणा केल्या आणि डॅशबोर्डवर वही ठेवली. गाडी बंद पडली की ड्रायव्हरने पट्टी घालून माप लिहायचं. थोड्याच खेपांत स्पष्ट झालं: टाकी निम्म्याच्या वर असेपर्यंत एकदाही नाही, निम्म्याच्या खाली गेली की हमखास. बाहेरचे सगळे सांधे तोवर नवे झाले होते, फेसाची परीक्षाही पार पडली होती. कॅनवर गाडी चांगली, टाकीवर वाईट.

असं चित्र दिसलं की एकच जागा उरते: टाकीच्या आत उतरणारा ओढीचा पाइप. टाकीच्या वरच्या तबकडीला तो झाळलेला असतो आणि तिथून तळाशी जातो. त्याला वरच्या बाजूला चीर गेली तर टाकी भरलेली असताना चीर डिझेलमध्ये बुडालेली असते, ओढलं जातं ते डिझेलच. पातळी चिरीच्या खाली उतरत गेली की तिथली ओढ वाढत जाते आणि त्याच वाटेने हवा येते. टाकीत बाहेरून दाब दिला तरी ही चीर दिसत नाही, कारण ती टाकीच्या आतच आहे. सगळ्या परीक्षा पार करून त्रास देणारं दुखणं हेच, आणि पंपाच्या नावावर सगळ्यांत जास्त बिलं यानेच फाडली जातात.

तबकडीचे स्क्रू काढून पाइप बाहेर घेतला. डोळ्याला काही दिसलं नाही, वर काळपट थर होता. खालचं तोंड अंगठ्याने बंद केलं, पाइप पाण्याच्या बादलीत आडवा धरला आणि वरच्या तोंडाला नळी लावून फुंकलं. तबकडीपासून बोटभर खाली, झाळलेल्या जागेच्या अगदी कडेला, बुडबुड्यांची बारीक रांग उठली. थर खरडला तेव्हा पाइपाच्या अर्ध्या घेरात गेलेली चीर दिसली. एवढी वर्षं खडबडीत रस्त्यावर पाइप खालच्या टोकाला मोकळा हलत राहिला की वाकण्याचा सगळा ताण झाळलेल्या जागेवर येतो आणि तिथेच धातू थकतो. पितळ भरून घेतलं आणि पाइपाला मधोमध आधाराची पट्टी जोडून घेतली, नाहीतर तो पुन्हा तिथेच तुटणार.

इथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. पाइप टाकीतून काढून, धुऊन, टाकीपासून लांब नेऊनच झाळा. टाकीवर, टाकीजवळ किंवा "रिकामीच आहे" म्हणून टाकीच्या पत्र्यावर वेल्डिंग करू देऊ नका. डिझेल सहज पेट घेत नाही हे खरं, पण रिकाम्या टाकीच्या भिंतीला चिकटलेलं डिझेल ज्योतीने तापलं की त्याची वाफ बंद टाकीत साठते आणि टाकी फुटते. वेल्डिंग करणारी मुलं यात मेलेली आहेत. टाकीलाच भोक असेल तर टाकी उतरवून ज्यांचं ते रोजचं काम आहे आणि जे ती वाफेने धुऊन घेतात त्यांच्याकडेच द्या. रस्त्यात टाकी झिरपायला लागली तर कपडे धुण्याचा साबण दाबून बसवा, तो डिझेलमध्ये विरघळत नाही आणि घरी यायला पुरतो.

पाइप काढलाच आहे तर टाकीचा तळही टॉर्चने बघून घ्या. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते आणि पाणी तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर वाढतो, तो जाळी तुंबवतो. गणपती-नवरात्रात गाडी रोज चालते, मग दिवाळीनंतर लग्नसराईपर्यंत उभी राहते, अशा वेळी टाकी पूर्ण भरून ठेवा. तळाचा नट सकाळी, गाडी हलवायच्या आधी, सोडून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. खाली पाण्याचा थर दिसेल तोवर काढत राहा.

कॅनवरही गाडी रडत असेल तर फीड पंप. त्यात दोन एकेरी झडपा असतात. त्यांच्यात कचरा बसला किंवा स्प्रिंग थकली तर डिझेल रात्री टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळची कटकट. त्या उघडून धुणं घरीही जमतं. आणखी एक तपासा: पंपाला स्वतःचं ऑइल असेल तर त्याची पातळी. ती आपोआप वाढलेली आणि ऑइल पातळ, डिझेलच्या वासाचं निघालं तर फीड पंपाचा दांडा झिजून डिझेल आत झिरपतंय. हे दुर्लक्षित राहिलं तर चांगला पंप खरोखर खराब होतो. परतीच्या लाइनवरचा स्प्रिंगचा व्हॉल्व्हही बघा. कुणी त्याच्या जागी साधा बंजो बोल्ट बसवला असेल तर पंपात दाब टिकत नाही आणि गाडी हवेशिवायही चढावर मरते.

दुरुस्तीनंतर हवा काढायचा क्रम: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग मोठ्या पंपावरचा. प्रायमर मारत राहा, फेस थांबून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तरीही चालू झाली नाही तर नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा आणि डिझेल दिसलं की आवळा. त्या वेळी हात, तोंड लांब ठेवा. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. वर फक्त सुईसारखा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही, पण आत बोट सडायला लागतं. असं झालं तर तडक दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना डिझेल दाबाने घुसलं आहे असं स्पष्ट सांगा.

दुरुस्ती झाली की खात्री भरल्या टाकीवर करू नका, तिथे ती आधीही चालतच होती. टाकी पाव भागावर आणा, नेहमीचं वजन भरा आणि चढावर न्या. मग एक रात्र गाडी उभी ठेवून सकाळचा पहिला सेल्फ बघा. दोन्ही पार पडले तर पारदर्शक तुकडा काढून पक्की नळी लावा. नवे वायसर बसवल्यावर इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन थंड झालं की प्रत्येक बंजो बोल्ट पान्याने हलकेच पुन्हा आवळून घ्या, कारण मऊ तांबं पहिल्या गरमीत थोडं बसतं.